मागच्या गराजचं अर्थिंग

अमेरिकेत ट्रॉयमधलं आमचं घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणाच्या टोकाला असलेलं सुटं गराज ही आम्हाला लॉटरीच वाटली होती. घराला जोडलेलं एक गराज होतंच. हे दुसरं, जुनं, लाकडी, पत्र्याच्या दाराचं. आधीच्या मालकानं त्यात सुतारकाम केलं असावं. भिंतीला छोटं पॅनेल होतं, दोन दिवे, चार सॉकेट. आम्ही तिथे एक मोठा आडवा फ्रीझर ठेवला आणि पुढची सहा वर्षं मटार, ओला नारळ आणि गोठवलेल्या पोळ्या यांच्यापलीकडे त्या जागेचा विचारही केला नाही.

मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. निदान पदवी तरी तशी आहे. पुण्यातल्या कॉलेजात चार वर्षं मशिन्स आणि पॉवर सिस्टिम शिकले आणि नोकरी लागल्यापासून गाड्यांच्या बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहिते आहे. हातात तार धरायची वेळ वीस वर्षांत आली नव्हती.

माझे सासरे मात्र आयुष्यभर तारेचंच काम करत आले. सातारा जिल्ह्यात वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. बोलणं कमी. गेल्या मे महिन्यात ते आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले.

आल्यापासून आठवड्याभरात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुमच्या त्या फ्रीझरला हात लावला की झिणझिण्या येतात."

मी लॅपटॉपवरून मान न वळवता म्हटलं, "आई, ते स्टॅटिक असतं. इथे हवा कोरडी असते ना. गाडीच्या दारालासुद्धा बसतो तसा झटका."

"झटका नाही गं. हाताला मुंग्या चढल्यासारखं होतं. आणि रोज नाही होत."

"तेच ते. काही होत नाही त्यानं."

कोरडी हवा असते ती जानेवारीत. तेव्हा मे महिना चालू होता, आदल्या रात्रीच पाऊस झाला होता. सासूबाई सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी चपला काढून, ओल्या गवतातून अनवाणी तिथे जायच्या, हे मी रोज बघत होते. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मी ते उत्तर दिलं. त्यांनीही पुढे वाद घातला नाही. सुनेचं शिक्षण मोठं, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

दोन दिवसांनी सासऱ्यांनी मला बोलावलं. ते गराजमध्ये एका उलट्या बादलीवर बसून दिव्याकडे बघत होते.

"जरा थांब इथे. फ्रीझर सुरू होऊ दे."

आम्ही थांबलो. पाचेक मिनिटांनी फ्रीझरचा कॉम्प्रेसर घरघरला आणि त्याच क्षणी डोक्यावरचा दिवा लख्ख झाला.

"मोठं मशीन चालू झालं की दिवा मंद होतो," ते म्हणाले. "उजळतो कधी?"

हे मला कॉलेजात तोंडपाठ होतं. परत जाणारी तार, म्हणजे न्यूट्रल, कुठेतरी तुटत आली असली की असं होतं. इथे वीज दोन तारांनी येते; मग एकीवरचा दाब पडतो, दुसरीवरचा वाढतो. पण मी नुसतीच बघत उभी राहिले. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढला, साताऱ्याहून बॅगेत घालून आणलेला, पारदर्शक मुठीचा, आणि त्याचं टोक फ्रीझरच्या कडेला, रंग उडालेल्या पत्र्याला लावलं. मुठीत बारीक नारिंगी ठिणगीसारखा उजेड दिसला.

"हिनं तुला सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी लगेच जाऊन घरातल्या मुख्य पॅनेलमधला गराजचा ब्रेकर पाडला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. मी फ्रीझरमधला नारळ घरात हलवत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ, मला वाटलं माझंच वय झालं असेल." ते वाक्य मला त्या नारिंगी उजेडापेक्षा जास्त लागलं.

एक इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला. साठीचा, शांत माणूस. गराजकडे जमिनीखालून फक्त तीन तारा गेल्या होत्या, असं त्यानं सांगितलं. दोन तारा वीज आणणाऱ्या, एक परत नेणारी. अर्थची वेगळी तार नव्हतीच. पूर्वी इथे तसं चालायचं. गराजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि पत्र्याची पेटी एकमेकांना जोडून टाकलेली होती, म्हणजे न्यूट्रलनंच अर्थचंही काम करायचं. ती एकटी तार जमिनीत सडली. मग परत जायला वाट न मिळालेली वीज जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर येऊन थांबली. फ्रीझरच्या, आणि दाराच्याही.

"नवीन चार तारा टाकाव्या लागतील," तो म्हणाला. "मला जुलैपर्यंत वेळ नाही. पण स्वतःच्या घराचं काम मालकाला स्वतः करता येतं. शहराकडून पर्मिट घ्या, इन्स्पेक्टर तपासून जाईल."

नवरा म्हणाला, थांबू जुलैपर्यंत. सासरे म्हणाले, "कशाला? मी आहे, ही आहे." त्या 'ही'नं मला बरं वाटलं, आणि मी पर्मिटचा अर्ज भरला.

खोदण्याआधी इथे एक फोन करावा लागतो. मग माणसं येऊन गवतात रंगीत झेंडे रोवून जातात, कुठे गॅस, कुठे पाणी, कुठे वीज. सासऱ्यांना ही व्यवस्था फार आवडली. ते झेंड्यांमधून फिरले, फोटो काढले, साताऱ्याला कुणाकुणाला पाठवले. दीड फूट खोल, साठेक फूट लांब चर. शनिवार-रविवार नवऱ्यानं खोदला आणि सोमवारी पाठीला बेल्ट बांधून ऑफिसला गेला. राहिलेला आम्ही दोघांनी पुरा केला. जमीन चिकणमातीची, फावड्याला धरून बसणारी. सासरे मध्येच वाकून माती चिमटीत घेत, चुरडत, "ओल धरते, चांगली आहे" म्हणत.

मग तांब्याचा थर दिलेल्या दोन आठफुटी लोखंडी सळया सहा फुटांच्या अंतरानं गराजच्या कडेला ठोकायच्या होत्या. त्यावरून पहिला वाद.

"नुसती सळई ठोकायची? मीठ-कोळसा?"

"इथे घालत नाहीत, बाबा."

"आम्ही खड्डा घ्यायचो. प्लेट, वर मिठाचा थर, कोळशाचा थर. उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं. तरच ती अर्थ." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि अर्थ इतकी चांगली झाली, तर घरापासून ही चौथी तार ओढायची कशाला? इथेच जमिनीत जाऊ दे की."

"नियम आहे."

नियम आहे हे माझं उत्तर होतं. का आहे, ते मला नीट सांगता आलं नाही.

दुसरा वाद स्क्रूवरून. नवीन पॅनेलच्या खोक्यात एक हिरवा स्क्रू आला होता. तो आवळला की न्यूट्रलची पट्टी आणि पॅनेलची पेटी एक होतात. मी तो आवळला.

"काढ तो," सासरे म्हणाले. "न्यूट्रल आणि अर्थ एकत्र? आमच्याकडे असं दिसलं तर मी कनेक्शन तोडायचो."

"बाबा, इथली पद्धत वेगळी आहे. चला, दाखवते."

मी त्यांना तळघरात नेलं, मुख्य पॅनेलचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारून दाखवलं. पांढऱ्या तारा आणि उघड्या तांब्याच्या तारा, सगळ्या एकाच पट्टीवर. ते बराच वेळ बघत राहिले.

"तुझं शिक्षण जास्त," शेवटी म्हणाले. "पण मला पटत नाही." आणि वर निघून गेले.

मी जिंकले होते, आणि त्याचा मला आनंदही झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्रीझरच्या प्रकरणानं गेलेली पत थोडी परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

इन्स्पेक्टर बुधवारी आला. चर अजून बुजवलेला नव्हता. तो बघितल्याशिवाय बुजवायचा नसतो. पन्नाशीचा, उंच, हातात टॅब्लेट. चराची खोली मोजली, सळयांचे जोड हातानं ओढून पाहिले, मान हलवली. मग पॅनेलचं झाकण काढलं आणि लगेच म्हणाला, "हा हिरवा स्क्रू कुणी लावला?"

"मी."

"हा इथे चालत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ एकदाच मारायची, घराच्या मुख्य पॅनेलमध्ये. त्यानंतर पुढे कुठेही दोघांची भेट होऊ द्यायची नाही. इथे पुन्हा जोडलंत की परत जाणारी वीज दोन्ही तारांत वाटली जाते. आणि उद्या इथली न्यूट्रल सैल झाली तर हा सगळा पत्रा पुन्हा जिवंत."

म्हणजे इतकं खोदून, चार कोऱ्या तारा टाकून, मी जुनाच दोष पुन्हा नव्यानं बसवला होता. सासरे माझ्या शेजारी उभे होते. त्यांना इंग्रजी बोलता फारसं येत नाही, पण समजतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढा मान त्यांनी मला दिला.

मग त्यांनी स्वतःच इन्स्पेक्टरला विचारलं, तोडक्या इंग्रजीत, सळयांकडे बोट दाखवून: अर्थ इतकी चांगली असेल, तर घरापर्यंत तार कशाला?

इन्स्पेक्टर घाईत होता, पण थांबला. कदाचित प्रश्न विचारणाऱ्याचा हात बघून थांबला असेल. सासऱ्यांच्या उजव्या पंजावर एक जुना भाजल्याचा डाग आहे.

"सळई विजेसाठी आहे, आकाशातल्या," तो म्हणाला. "घरातला दोष सळईनं सुटत नाही. पत्र्यावर वीज आली तर ब्रेकर पडायला हवा, आणि ब्रेकर पडायला भरपूर वीज एकदम परत जायला हवी. ती तांब्यातून जाते. मातीतून तेवढी जात नाही. जमीन म्हणजे तार नव्हे, सर."

शेरा लिहून तो गेला. दुरुस्त करा, पुन्हा येतो.

मी स्क्रू काढला.  "बाबा, सॉरी. तुम्ही सांगत होतात."

"तू खालचं पॅनेल दाखवलंस तेव्हा मलाही पटलं होतं," ते म्हणाले. "कबूल नव्हतं करायचं, एवढंच."

त्या संध्याकाळी ते लवकर झोपायला गेले. मला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरूनच काम करत होते. ते डायनिंग टेबलाशी कागद-पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"एक हिशोब करून दे. अर्थचा रेझिस्टन्स पंचवीस ओहम धर. पत्र्यावर पूर्ण दाब आला. किती करंट जाईल जमिनीत?"

"एकशे वीसला पंचवीसनं भागायचं. पाचही नाही."

"एकशे वीस नको. दोनशे तीस धर."

"इथे तर एकशे..."

"दोनशे तीस धर."

मी भागाकार केला. "नऊ. नऊ अँपिअर."

"पंधराचा फ्यूज उडेल?"

"नाही."

"पाच ओहम असता तर?"

"मग सेहेचाळीस. उडेल लगेच."

त्यांनी दोन्ही आकडे कागदावर लिहिले. पंचवीसखाली नऊ, पाचखाली सेहेचाळीस. मग पेन खाली ठेवलं आणि मला जे सांगितलं ते त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. कोरेगावकडच्या एका वस्तीवर ते फ्यूज गेल्याची तक्रार आली म्हणून गेले होते. फ्यूज बांधला. निघताना दिसलं की ज्यातून विजेच्या तारा घरात येतात त्या लोखंडी पाइपाला लावलेली अर्थची तार गंजून तुटली आहे, नुसती लोंबते आहे. मीटरच्या पलीकडचं काम ज्याचं त्यानं करायचं असतं. पण घरात पुरुषमाणूस नव्हता. एक बाई होती, तिनं पाणी दिलं. पाइपाला बांधलेल्या तारेवर तिचे कपडे वाळत होते. "तिला सांगायला हवं होतं की ही तार जोडून घ्या. मनात म्हटलं, सोमवारी याच बाजूला यायचंय, पाच मिनिटांचं काम, आपणच करून टाकू. सोमवारी दुसरीकडे पाठवलं. त्या आठवड्यातच पाइपात वीज उतरली, बाई गेली. कपडे काढताना."

चौकशी झाली. मंडळाची चूक नाही, असं लिहिलं गेलं. त्यांना कुणी काही विचारलंच नाही, कारण तुटलेली तार त्यांनी पाहिली होती हे कुणाला माहीतच नव्हतं.

"इतकी वर्षं मी एकच धरून बसलो होतो," ते म्हणाले. "ती तार जोडली असती तर बाई वाचली असती. काल तो इन्स्पेक्टर म्हणाला, जमीन म्हणजे तार नव्हे. म्हणून विचारतोय. वाचली असती का?"

मी कागदाकडे पाहिलं. दोन आकडे होते आणि दोन्ही बरोबर होते. "तिथला खड्डा कसा होता, त्यावर आहे, बाबा. ओला, मीठ-कोळशाचा असेल तर फ्यूज उडाला असता. कोरडा असेल तर नसता उडाला."

"कोण पाणी घालणार त्या खड्ड्याला? कोरडाच असणार."

"मग बहुतेक नसती वाचली."

"बहुतेक," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. तसं दिसलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तरी मी पाहिलं होतं ना. पाहून गेलो होतो. तिला एवढं सांगितलं असतं की कपडे दुसरीकडे बांध, तर त्याला ओहम लागत नव्हते."

 सासूबाईंच्या झिणझिण्यांना मी काय उत्तर दिलं होतं ते आठवत होतं. आमच्याकडे वेळेवर कळलं. माझ्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक होता, आणि तो माझ्यामुळे पडलेला नव्हता.

सासूबाई स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होत्या. मध्ये फक्त अर्धी भिंत आहे, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्या हात पुसत बाहेर आल्या.

"ते साल मला आठवतं," त्या म्हणाल्या. "अंगणातली कपड्यांची तार तुम्ही एका दिवसात उतरवलीत. काथ्याची दोरी बांधलीत. मी विचारलं तर म्हणालात, तार गंजते. कोरी तार होती हो ती."

"तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी आजही विचार करते, तो हिशोब मी करून द्यायला हवा होता का. 'फ्यूज उडाला नसता, बाबा' एवढंच सांगून मी थांबू शकले असते. पण त्यांना पाच ओहमचं उत्तर माहीत असणारच होतं. त्यांनी ते मला विचारलं ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला.

सोमवारी इन्स्पेक्टर पुन्हा आला. झाकण काढलं, न्यूट्रलची पट्टी पेटीपासून सुटी आहे का ते मीटर लावून पाहिलं, अर्थची पट्टी पेटीला घट्ट आहे का ते पाहिलं. दहा मिनिटांत काम झालं. निघताना सासऱ्यांनी त्याला पुन्हा गाठलं.

"अशी जुनी गराजं किती दिसतात?"

"दर आठवड्याला एखादं तरी."

"काही वेळा दुसऱ्याच कामाला जाता आणि असं दिसतं, तेव्हा?"

"तेव्हाही लिहून देतो. घरमालक चिडतात. तरी लिहून देतो."

त्यानं हिरवा स्टिकर पॅनेलच्या झाकणावर चिकटवला आणि सासऱ्यांशी हस्तांदोलन केलं, माझ्याशी नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

चर बुजवायला दोन दिवस लागले. वर गवताचं बी टाकलं. ऑगस्टपर्यंत तो पट्टा बाकीच्या हिरवळीपेक्षा जास्त गर्द उगवला, आणि नवरा अजून त्याचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

नोव्हेंबरात ते दोघं परत गेले. आता रविवारी फोनवर सासूबाईच जास्त बोलतात. सासरे सकाळी बाहेर असतात. त्यांच्या सोसायटीतल्या जुन्या बंगल्यांचं अर्थिंग तपासायचं त्यांनी मनावर घेतलंय. वहीत घराचा क्रमांक, काय दिसलं ते, आणि एक प्रत मालकाच्या हातात. काहीजण दारातूनच परत पाठवतात, म्हणतात, काका, आमचं सगळं ठीक आहे. मागच्या रविवारी मी विचारलं, अशांचं काय करता?

"कागद दारात सरकवून येतो," ते म्हणाले. "वाचतात की नाही, देव जाणे."